डॉक्टरकाकांची आमटी

परवा डॉक्टरकाकांच्या नव्वदीचा समारंभ झाला. सनीव्हेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये शाल, श्रीफळ, नातवंडांची इंग्रजीतली भाषणं, सगळं यथासांग. मी गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. ते साफ खोटं होतं, आणि त्याचं मला काडीइतकं वाईट वाटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ आला. खुर्चीत बसून, माइक तोंडाशी धरून काका ती जुनी गोष्ट परत सांगत होते: युरोपच्या ट्रिपला आपल्या एका वहिनींनी किल्ल्यात फोडणी दिली आणि फायर ब्रिगेड धावत आली. हॉल खो-खो हसत होता. व्हिडिओखाली हसरे चेहरे टाकणाऱ्यांत तर अशीही मुलं होती जी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्या 'एक वहिनी' म्हणजे माझी आई. ती गोष्ट तशी घडलेली नाही. बाबा गेले, काकू गेल्या, आणि आईला विचारलं तर ती 'जाऊ दे गं' म्हणून भाजी निवडायला घेते. मला जाऊ द्यायचं नाही. म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा सनीव्हेलमध्येच, एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर राहायचो. बाबा चिप बनवणाऱ्या कंपनीत. मी चौथीपर्यंत तासगावला आजोळी वाढले आणि मग इकडे आले; माझं मराठी जे काही धड आहे ते त्यामुळे. आजोबांची द्राक्षबाग होती. आई त्या मांडवाखालीच लहानाची मोठी झाली. सांगलीच्या कॉलेजातून बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली. पण इकडे आल्यावर मंडळाने तिला एकच पदवी दिली: 'वहिनींच्या हाताला काय चव आहे!' झालं. गणपती असो, संक्रांत असो, कुणाचे सासू-सासरे येवोत, फोन आमच्याकडे. आई शंभर माणसांची आमटी करायची, आणि ती आमटी खाऊन लोक बाबांचं कौतुक करायचे. बाबाही ते कौतुक घ्यायचे हो! हसून, मान डोलावून.

त्या घराचा आवाज मला विचाराल तर कुकरच्या शिट्ट्यांचा नाही, स्मोक डिटेक्टरचा. स्वयंपाकघराच्या तोंडाशीच छताला ती पांढरी तबकडी होती. तेलात मिरची पडली की ती कर्कश ओरडायला लागायची आणि खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. म्हणून आमच्याकडे पद्धत पडली होती. आई हाक मारायची, "मिनू, फोडणी!" की मी अभ्यास टाकून पळत यायचे, खुर्चीवर चढायचे आणि डिटेक्टरखाली वर्तमानपत्र जोरजोरात हलवायचे. मोहरी तडतडून, हिंग पडून, वरण ओतून चर्र झालं की आई म्हणायची, "उतर." त्या काळात इथे वाढलेल्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा, हे काम त्याने केलेलं असतं. कोटांना वास लागू नये म्हणून फोडणीआधी कपाटं बंद करायची, खिडक्या उघडायच्या आणि एकाने पंख्याचं काम करायचं. आता माझ्या सांता क्लाराच्या घरात छतापर्यंत जाणारा हूड आहे, तरी मोहरी तडतडली की माझा हात आपोआप वर जातो.

आता डॉक्टरकाका. ते सगळ्यांच्या आधी आलेले. नवीन माणसाला एअरपोर्टवरून आणायचे, घर मिळवून द्यायचे, पोरांच्या तापाला अपरात्री फोनवर औषध सांगायचे. बाबांना पहिलं अपार्टमेंट त्यांनीच मिळवून दिलं होतं. त्यामुळे काका म्हणतील ती पूर्व दिशा. कार्यक्रमाचं नाटक कुठलं, सहल कुठे, मुलांनी कुठल्या कॉलेजात जायचं, सगळं काका ठरवणार. इथे 'तसे काका मनाने वाईट नव्हते' असं लिहायची पद्धत आहे. मला ती पद्धत पाळायची नाही. उपकार केले, खरं. पण प्रत्येक उपकाराची वसुली त्यांनी लोकांना माना खाली घालायला लावूनच केली.

ट्रिप त्यांचीच कल्पना. मंडळातल्या काही कुटुंबांनी मिळून बस करायची आणि आल्प्स बघायचे. माझं कॉलेज सप्टेंबरअखेरीस सुरू होणार होतं, म्हणून मीही. बेत ठरवायला सगळे आमच्याकडे जमले. वडे आमच्याकडे, मग बैठकही आमच्याकडेच. कुणाला घड्याळं घ्यायची होती, कुणाला बर्फात फोटो, कुणाला सरोवरावर बोट. आई वड्यांचा दुसरा घाणा घेऊन बाहेर आली आणि ताट हातात धरूनच म्हणाली, "तिकडे द्राक्षबागा आहेत म्हणे. सप्टेंबरात तोडणी असेल. एक सकाळ तिथे जाता येईल का?" काका हसले. "काय वहिनी, वाइन का? वा वा!" सगळे हसले. दर गणपतीनंतर गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून व्हिस्की पिणारी हीच मंडळी बरं का! आई लाजली नाही. "वाइन नको हो," म्हणाली, "मला बाग बघायचीये." इतक्या वर्षांत तिने त्या घोळक्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. काकांनी उदार होऊन एक सकाळ दिली. किल्ल्यांच्या दिवसाला जोडून.

तो भाग आल्प्सच्या दक्षिण उतारावरचा, इटलीतला; पण लोक जर्मन बोलणारे. दरी रुंद, मागे उघडेबोडके सुळके आणि खाली जिकडे पाहावं तिकडे द्राक्ष. दर टेकाडावर एक किल्ला. आपल्यासारखे गडकोट नव्हेत. लहान, टुमदार, बुरुजाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खिडक्या आणि थेट तटाला टेकलेली बाग. अशाच एका किल्ल्याचं हॉटेल केलेलं होतं, त्यात आमचा मुक्काम. बस चढावर वळली आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं. "मिनू, मांडव बघ!" खरंच, तिथे वेली लाकडी मांडवावर चढवलेल्या होत्या, आणि घड खाली लोंबत होते, हाताला येतील असे. आजोबांच्या बागेत होते तसेच. आई बसमधून उतरली ती सामान तिथेच टाकून साडीचा पदर खोचत सरळ बागेच्या कडेला गेली. तिने पान उलटं करून बघितलं, देठ बघितला, एक घड तळहातावर तोलला आणि सोडून दिला. हॉटेलची मालकीण हेल्गा म्हणून पन्नाशीची दणकट बाई होती. ती ते बघत होती. बाग तिच्या भावाची. तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे द्राक्ष?" आईने छातीवर हात ठेवून सांगितलं, "माय फादर." हेल्गा म्हणाली, उद्या सकाळी या, आम्ही तोडतोय. आईचा चेहरा मला आजही दिसतो. दुपारभर ती खोलीच्या खिडकीतून हलली नाही. "साडी नको उद्या," म्हणाली, "तुझी ती जुनी पँट दे."

आणि दुपारी चारच्या सुमाराला दारावर टकटक झाली. डॉक्टरकाका. हातात त्यांची स्वतःची विजेची शेगडी, सनीव्हेलहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली. "वहिनी, तिसरा दिवस ब्रेड आणि चीज. जिभेला चवच राहिली नाही. तुमच्या हातची गरमागरम आमटी झाली तर माणसात येऊ." आईने दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. खोलीत शिजवू नये, असं तीन भाषांत आणि वर चित्र काढून लिहिलेलं. "नको हो डॉक्टर," आई म्हणाली, "जुनी इमारत आहे. काही झालं तर?" काका हसले. "अहो, बाथरूममध्ये करा, एक्झॉस्ट लावा. आम्ही लंडनला कायम करतो. आणि काही झालं तर मी आहे ना!" आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "कर गं, एवढं म्हणतायत तर."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. 'काही झालं तर मी आहे ना.' हॉलमध्ये हसणाऱ्यांनी ते ऐकलेले नाहीत, म्हणून मुद्दाम दोनदा लिहिते.

डाळ आमच्या राइस कुकरमध्ये शिजली. मग बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर शेगडी, तिच्यावर छोटी कढई. मी खोलीतल्या डिटेक्टरखाली खुर्चीवर चढून टॉवेल घेऊन तयार. सवयच ती. "मिनू, फोडणी!" मी टॉवेल फिरवायला लागले. मोहरी, हिंग, मग लाल मिरच्या. त्या बाथरूमला खिडकी नव्हती आणि एक्झॉस्ट नुसता गुणगुणत होता. असा खकाणा उठला की आईने फोडणी कशीबशी डाळीवर ओतली आणि आम्ही दोघी शिंकत, डोळे पुसत बाहेर आलो. छतावरचं यंत्र काही ओरडलं नाही. मला वाटलं, जिंकलो! आणि मग आख्ख्या किल्ल्यात घंटा सुरू झाली. तिच्या पाठोपाठ खाली गावात चर्चच्या बाजूने भोंगा. तो भोंगा दरीत घुमत वर चढला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. आमच्या अपार्टमेंटमधली तबकडी नुसती ओरडायची. हिने गावच बोलावलं.

सगळे हॉटेलसमोरच्या हिरवळीवर. कुणाच्या हातात पासपोर्ट, कुणी अनवाणी. आणि त्या गावाचं फायर ब्रिगेड म्हणजे गावातलेच शेतकरी, हे आम्हाला कुठे माहीत होतं? ते बागांमधून धावत आले. कमरेला तोडणीचे निळे एप्रन, डोक्यावर घाईने चढवलेली हेल्मेटं, हात चिकट रसाने काळे. खाली रस्त्यावर त्यांचे ट्रॅक्टर मध्येच सोडलेले, मागच्या ट्रॉल्या द्राक्षांनी भरलेल्या, उन्हात. ते वर गेले, खाली आले. त्यांतला एकजण आमची कढई हातात धरून उभा राहिला. शिंका थांबेनात त्याच्या. हेल्गाने विचारलं, "कोण?"

आता काका पुढे होतील, असं मला वाटलं. ते झालेही. दोन पावलं पुढे आले, हात पसरले आणि आपल्या त्या गोड, डॉक्टरी इंग्रजीत बोलले, "व्हेरी सॉरी, मॅडम. वन ऑफ अवर लेडीज. व्हिलेज लेडी, यू नो. सिंपल पर्सन. शी डिडन्ट नो द रूल्स." आणि आईच्या दिशेने हात करून हसले. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिच्या हातात अजून कालथा होता. काकूंना शेगडी कुणाची ते पक्कं ठाऊक होतं. त्या पर्सची चेन उघडत-लावत राहिल्या. बाबा छपराची कौलं बघत होते. आई हेल्गासमोर गेली आणि म्हणाली, "सॉरी. आय ॲम सॉरी." तिच्यासमोर आणि मग त्या प्रत्येक माणसासमोर, एकेकाला. त्या माणसांनी माना हलवल्या, हेल्मेटं काढली आणि ते घाईघाईने खाली निघून गेले. काकांना लाज वाटली असेल म्हणावं, तर तेही नाही.

कारण ऐका. सातला जेवणाच्या वेळी काका पुन्हा आमच्या दारात. "वहिनी, आमटी झालीच आहे तर वाया कशाला घालवायची?" वाटी घेऊन आले होते! आणि आईने वाढली. काकांनी ती आमच्या पलंगाच्या काठावर बसून भुरके मारत खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि "मिरची जरा पुढेच आहे आज" असं म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तोच बाबांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

सकाळी नाश्त्याला काकांनी जाहीर केलं, "बागेचं कॅन्सल केलंय. काल एवढा तमाशा झाल्यावर आता कुठल्या तोंडाने जायचं? त्यापेक्षा लेकवर जाऊ, बोट आहे." सगळ्यांना बरंच वाटलं. आईसमोर चहा होता. तिने माझी जुनी पँट घातली होती आणि पायात बूट. ती कपाकडे बघत राहिली.

मी उभी राहिले. "काका, शेगडी तुमची होती." चमचे थांबले. "आमटी तुम्ही मागितली. आई नको म्हणत होती. 'काही झालं तर मी आहे ना' असं तुम्ही म्हणालात. मग काल कुठे होतात? व्हिलेज लेडी म्हणे! माझी आई ग्रॅज्युएट आहे. आणि नसती, तरी तुमची काय हिंमत?" माझा आवाज चिरकला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचा मला आणखीच राग येत होता. काका माझ्याशी बोललेच नाहीत. ते बाबांना म्हणाले, "मुलांना इकडची हवा लागते ती अशी. आवरा जरा." बाबांचा चेहरा पांढराफटक. "मिनू, काकांना सॉरी म्हण. आत्ता."

"ती काही म्हणणार नाही," आई म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि काकांना म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बोटीत बसा. मला बागेत जायचंय. काल त्या लोकांची तोडणी माझ्यामुळे थांबली. तोडलेला माल असा उन्हात ठेवत नाहीत. तेवढं काम मी करून देणार आहे." काका म्हणाले, "अहो वहिनी, ते कुठे तुम्हाला कामाला बोलवतायत?" आई म्हणाली, "मी जातेय." आणि गेली. मी तिच्यामागे धावले.

हेल्गाने काही न विचारता आम्हाला निळे एप्रन आणि कात्र्या दिल्या. कालचा तो शिंकणारा माणूस म्हणजे तिचा भाऊ. त्याने आईला ओळखलं, नाकाशी हात नेऊन शिंकेची नक्कल केली आणि मोठ्याने हसला. ते हसणं मात्र चाललं मला. तो तिच्या तोंडावर हसत होता, आणि लगेच त्याने तिला ओळ दाखवली. मांडवाखाली हिरवट, गार उजेड होता. घड हातात धरायचा, देठ कापायचा, खराब मणी काढायचे, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. आईला सराव राहिला नव्हता. पहिल्याच क्रेटला तिने बोट कापून घेतलं, खांदे भरून आले, शेजारची म्हातारी तिच्या दुप्पट वेगाने पुढे गेली. पण ती थांबली नाही. मध्येच गुणगुणायला लागली, मला कधी माहीत नसलेलं काहीतरी. दहाच्या सुमाराला आमची बस खालच्या रस्त्याने गेली. मी वाकून पाहिलं. बाबा खिडकीशी होते, मांडीवर नकाशा पसरून. आईने मान वर केली नाही. न्याहारीला त्या लोकांनी काळा ब्रेड, कांदा आणि चीज दिलं आणि आईने ते तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

बस संध्याकाळी परत आली. त्यानंतर ट्रिपमध्ये आमच्याशी कुणी फारसं बोललं नाही, आणि परतल्यावर पुढच्या गणपतीत काकांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली, शेगडी आणि स्वतःला वगळून. आईने मंडळासाठी पुन्हा कधी आमटी केली नाही. हेही कुणी सांगत नाही. ते नंतरचं. त्या संध्याकाळी आई पलंगावर बसून हातांना तेल चोळत होती, बोटं रसाने काळीनिळी झालेली, आणि बाबा खोलीत आले. कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून पुन्हा लावला. त्यांना बोलायचं होतं, एवढं मलाही कळत होतं.

"तासगावसारखीच आहे का गं बाग?" त्यांनी विचारलं.

"मांडव तसाच आहे. जात वेगळी."

"मला चल म्हणायचं तरी. मी आलो असतो."

आईने तेलाची बाटली बंद केली. ती चिडलेली नव्हती, रडतही नव्हती. तिने फक्त त्यांच्याकडे सरळ पाहिलं, मी तिला त्यांच्याकडे तसं पाहताना तोवर पाहिलं नव्हतं.

"आज कशाला?" ती म्हणाली. "काल त्या हिरवळीवर मी तुमच्याकडेच बघत होते."